इत्झकोआत्ल: दासीचा मुलगा, ज्याने अॅझ्टेक राज्य उभं केलं

निळी शाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच महिने हा धागा काढायचा म्हणून राहून जात होता, आज बसलेच. अॅझ्टेक म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, नरबळी आणि हे राज्य बुडवणारा स्पॅनिश कोर्तेस. शेवट सगळ्यांना पाठ, पण हे राज्य उभं कसं राहिलं ते कुणी सांगतच नाही. ज्याच्यापासून ते खऱ्या अर्थाने सुरू झालं त्याचं नाव इत्झकोआत्ल, तेनोच्तित्लानचा चौथा त्लातोआनी, कारकीर्द १४२७ ते १४४०. त्लातोआनी म्हणजे शब्दशः 'बोलणारा', ज्याचा शब्द चालतो तो. आणि इत्झकोआत्ल म्हणजे ऑब्सिडियनचा साप, ऑब्सिडियन म्हणजे तो काळा चकचकीत ज्वालामुखी काचेचा दगड, ज्याची पाती करून ते लोक हत्यारांना लावायचे.

आधी परिस्थिती समजून घ्या. मेशिका लोक (हे स्वतःला मेशिका म्हणायचे, अॅझ्टेक हे नाव आपण नंतर चिकटवलं) मेक्सिकोच्या खोऱ्यात सगळ्यात शेवटी आलेले, चांगल्या जमिनी आधीच वाटून झालेल्या, म्हणून १३२५ च्या सुमारास तेस्कोको सरोवरातल्या एका दलदलीच्या बेटावर जाऊन राहिले. ती दलदलसुद्धा फुकट नव्हती. पलीकडच्या काठावर अस्कापोत्सालको नावाचं तेपानेक लोकांचं जबरदस्त राज्य, त्यांचे हे मांडलिक. खंडणीत मासे, बेडूक, बदकं, तळ्यात जे काही मिळेल ते द्यायचं आणि तेपानेकांच्या लढायांत जाऊन मरायचं. एक दंतकथा तर अशी आहे की तेपानेक राजाने तरंगती बाग मागितली आणि वर अट घातली की त्या बागेत अंड्यावर बसलेलं बदक हवं आणि बाग काठाला लागता लागता पिल्लं बाहेर यायला हवीत. खरं खोटं सोडा, पण ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली यावरून त्या लोकांच्या मनात काय साचलं होतं ते कळतं.

आता इत्झकोआत्ल. बाप पहिला त्लातोआनी आकामापिच्त्ली, आणि आई एक दासी, तीही अस्कापोत्सालकोची, बाजारात भाजी विकणारी असं जुनी इतिवृत्तं सांगतात. म्हणजे राजाचा मुलगा खरा पण गादीच्या रांगेत कुठेच नाही. सावत्र भाऊ राजा झाला, मग त्या भावाचा मुलगा चिमालपोपोका राजा झाला, हा आपला सैन्यात नोकरी करत चाळिशी ओलांडून गेला. चिमालपोपोकाची आई तेपानेक राजा तेसोसोमोकची मुलगी, त्यामुळे नातवाच्या मायेपोटी आजोबाने खंडणी बरीच कमी केली होती. १४२६ मधे म्हातारा गेला, त्याच्या माश्त्ला नावाच्या मुलाने भावाला बाजूला सारून गादी बळकावली, आणि थोड्याच दिवसांत चिमालपोपोका मेला, बहुतेक इतिवृत्तांनुसार मारला गेला. अशा वेळी मेशिका सरदारांनी या दासीच्या मुलाला निवडलं. बहुतेक यासाठी की चिमालपोपोकासारखं याचं आजोळ तेपानेक राजघराण्यात नव्हतं, तिथे याचं काही अडकलेलं नव्हतं, हे माझं मत.

पुढे झालं ते सगळ्यांना थोडंफार माहीत असेल. १४२८ मधे अस्कापोत्सालको पडलं, तेस्कोकोच्या बाजूच्या इतिवृत्तानुसार ११४ दिवस लढाई चालली. पण मला धागा काढायचा आहे तो लढाईसाठी नाही. माझं म्हणणं असं आहे की इत्झकोआत्लचं खरं कर्तृत्व जिंकल्यानंतरचं आहे, त्याने जिंकलेलं वाटून घेतलं. तेनोच्तित्लान, तेस्कोको आणि त्लाकोपान अशी तीन शहरांची युती केली, खंडणीचे पाच हिस्से करायचे, दोन तेनोच्तित्लानला, दोन तेस्कोकोला, एक त्लाकोपानला. ही मांडणी १५२१ पर्यंत, म्हणजे नव्वदहून जास्त वर्षं टिकली. तुम्हाला काय वाटतं?

---

गडवाट

वा, जबरदस्त विषय. पहिल्यांदाच मराठीत यावर इतकं वाचतोय.

पण ताई, एक शंका. हे सगळं इत्झकोआत्लने केलं की त्लाकाएलेलने? मी जेवढं वाचलंय त्यात त्लाकाएलेल हाच खरा कर्ताकरविता दिसतो. राजाचा पुतण्या, वय तिशीच्या आसपास. बाकी सगळे सरदार घाबरून म्हणत होते की देवाची मूर्ती उचलू, अस्कापोत्सालकोला जाऊ, माश्त्लाच्या पाया पडू, तेव्हा हा एकटा उठला आणि म्हणाला निदान आधी बोलून तरी बघा. दूत म्हणून एकटा शत्रूच्या शहरात गेला, पहाऱ्यातून वाट काढत. शेवटच्या फेरीत तर त्याने माश्त्लाच्या अंगाला मेलेल्याला लावतात तो लेप लावला आणि हातात ढाल-बाण दिले, म्हणजे तुला मेलेला समजूनच आम्ही लढायला येतोय अशी रीतसर युद्धाची घोषणा. असं काळीज पाहिजे. नंतर सिवाकोआत्ल म्हणून राजाच्या खालोखालचं पद त्याच्याकडेच गेलं आणि पुढच्या राजांच्या काळातही तोच कारभार बघत होता. मग श्रेय इत्झकोआत्लला का?

---

निळी शाई

गडवाट दादा, प्रश्न अगदी योग्य जागी विचारलात.

ही जी त्लाकाएलेलची सगळी वर्णनं आहेत ना, ती मुख्यतः दुरान नावाच्या धर्मगुरूच्या आणि तेनोच्तित्लानच्याच राजघराण्यातल्या एका लेखकाच्या इतिवृत्तात येतात, दोघांचं मूळ एकच असावं असं अभ्यासक मानतात. म्हणजे ही तेनोच्तित्लानची घरची बाजू. आता सरोवराच्या पलीकडे तेस्कोकोच्या राजघराण्यातल्या इश्त्लिलशोचित्लने लिहिलेलं वाचा, तिथे सगळ्या युद्धाचा नायक तेस्कोकोचा राजपुत्र नेझावालकोयोत्ल, त्लाकाएलेल जवळपास गायब! ज्याने त्याने आपापल्या घराचा दिवा लावलाय. पण दोन्हीकडे एक माणूस कॉमन आहे, इत्झकोआत्ल. आणि मला वाटतं तेच त्याचं मोठेपण, अशी दोन तडफदार माणसं हाताशी आणि दोघांनाही त्याने लहान केलं नाही. पुतण्याला पुढे जाऊ दिलं, नेझावालकोयोत्लला बरोबरीचा हिस्सा दिला. दुसरा एखादा असता तर विजयानंतर पहिल्या वर्षात या दोघांचा काटा काढला असता.

नेझावालकोयोत्लबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १४१८ मधे तेपानेकांनी त्याच्या बापाला मारलं, हा पोरगा झाडावर लपून ते बघत होता असं सांगतात. मग कितीतरी वर्षं डोंगरात, शेजारच्या राज्यांत लपतछपत. त्याचं आजोळ तेनोच्तित्लानचं, त्यामुळे मधली काही वर्षं तिथे राहू शकला. युद्धाच्या वेळी त्याने डोंगरापलीकडून उएशोत्सिंको आणि त्लाश्काला यांची मदत आणली.

---

हौशी वाचक

छान चाललंय. त्लाकोपानला एकच हिस्सा का पण? अन्याय वाटतो.

---

निळी शाई

त्लाकोपान स्वतः तेपानेक शहर होतं, म्हणजे शत्रूच्याच गोटातलं. युद्धात त्यांनी मेशिकांविरुद्ध हात उचलला नाही, म्हणून त्यांना घेतलं. मला तर यातच हुशारी दिसते. हरलेल्या तेपानेक लोकांना सांभाळायला त्यांच्यातलंच एक शहर युतीत ठेवलं, उद्या उठाव व्हायला निमित्त नको. (काही इतिहासकार म्हणतात की तीन डोक्यांची ही व्यवस्था आपण वाचतो तितकी आखीव नव्हती, स्पॅनिश काळात तिला जास्त नीटनेटकं रूप दिलं गेलं. ते मलाही पटतं, पण तिघांची भागीदारी होती हे नक्की.)

---

मक्याचं कणीस

नमस्कार, मी गेली चार वर्षं नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीत आहे, त्यामुळे राहवलं नाही.

ज्या अस्कापोत्सालकोबद्दल तुम्ही लिहिताय ते आता शहराचाच एक भाग आहे, मी रोज मेट्रोने त्या बाजूला जातो. इथल्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनला एक चित्र असतं आणि अस्कापोत्सालकोचं चित्र आहे मुंगी! कारण नावाचा अर्थच वारुळाची जागा असा आहे. त्लाकोपानचं आता ताकुबा झालंय, तेही मेट्रो स्टेशन. कोयोआकानला कोल्ह्यासारख्या कोयोटचं चित्र. म्हणजे जी शहरं एकमेकांच्या उरावर बसली होती ती आता एकाच तिकिटात होतात. आणि सरोवर? सरोवर जवळपास संपलं, त्यावरच हे शहर उभं आहे. नेझावालकोयोत्ल मात्र सगळ्यांना ओळखीचा, आधीच्या मालिकेतल्या १०० पेसोच्या नोटेवर त्याचा चेहरा होता. इत्झकोआत्ल कुणाला विचारला तर थोडं आठवावं लागतं.

एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली ती सांगतो. शहराच्या मध्यात मुख्य मंदिराचे अवशेष आहेत, १९७८ मधे वीज खात्याच्या कामगारांना खोदताना देवीची प्रचंड गोल शिळा सापडली आणि मग तिथे मोठं उत्खनन झालं. हे मंदिर म्हणजे कांद्यासारखं, प्रत्येक राजाने आधीच्या मंदिरावरच नवीन मोठं मंदिर चढवलेलं. त्यातल्या तिसऱ्या थराच्या मागच्या भिंतीवर '४ वेत' अशी वर्षाची खूण कोरलेली आहे, आपल्या हिशेबाने १४३१, म्हणजे बरोब्बर इत्झकोआत्लचा काळ. त्या थराच्या पायऱ्यांवर आठ दगडी पुतळे टेकवून ठेवलेले सापडले, निशाण धरणारे असावेत. पुढचं मंदिर बांधायच्या आधी त्यांनी ते फोडले नाहीत, पायऱ्यांवर झोपवले आणि वरून भराव घातला. मी तिथे बराच वेळ उभा होतो. अस्कापोत्सालको पडून तीनच वर्षं झालेली आणि यांनी मंदिर मोठं करायला घेतलं, म्हणजे पैसा, दगड, माणसं किती पटकन यायला लागली असतील बघा.

---

गडवाट

@मक्याचं कणीस, भारी. फोटो असतील तर टाका ना प्लीज.

---

ओवी

सगळं वाचलं आणि आता मला बोलायलाच हवं. मी व्यवसायाने ग्रंथपाल आहे, त्यामुळे ही गोष्ट माझ्या मनाला लागते. याच इत्झकोआत्लने आधीच्या चित्रपोथ्या जाळून टाकल्या. हे काही शत्रूने केलेले आरोप नाहीत, पुढे साहागुन नावाच्या धर्मगुरूने मेशिका म्हाताऱ्यांना विचारून जे लिहून घेतलं त्यात त्यांनीच सांगितलंय. इतिहास जपून ठेवलेला होता, पण इत्झकोआत्लच्या काळात राजाने आणि सरदारांनी मिळून ठरवलं की सगळ्यांना तो माहीत असणं बरं नाही, त्यात खोटं फार आहे, आणि जाळला. अशा माणसाच्या नेतृत्वाचं कौतुक करताना हे एका ओळीत तरी यायला हवं होतं ना? तुमच्या पहिल्या पोस्टमधे ते नाही.

आता विचार करा, कशासाठी जाळलं असेल. त्या पोथ्यांत काय होतं? मेशिका कालपरवा आलेले, दुसऱ्यांची हमाली करणारे, कुणी विचारत नव्हतं असे लोक. त्यांचे राजे छोटे. आणि आताचा राजा दासीचा मुलगा. त्यानंतर जो इतिहास लिहिला गेला त्यात मेशिका देवाने निवडलेले, वित्सिलोपोच्त्ली या त्यांच्या मुख्य देवाने हाताला धरून आणलेले. आज आपल्या हातात आहे तो बहुतेक हा दुसरा इतिहास. आधीच्या शंभर वर्षांबद्दल आपण जे वाचतो त्यातलं किती त्याने शिल्लक ठेवलेलं आणि किती नंतर रचलेलं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. हे नुकसान कुठल्या विजयाने भरून निघतं?

---

निळी शाई

ओवी ताई, मान्य. मी ते टाळलं, आणि टाळायला नको होतं. खरं सांगायचं तर मला हा माणूस आवडतो म्हणून ते पुढच्या पोस्टमधे लिहू, नंतर लिहू असं झालं.

तुम्ही कारण सांगितलंत ते मला शंभर टक्के पटतं. दासीच्या मुलाला वंशावळीच्या पोथ्या किती टोचत असतील. आणि तुमचं वाचून आणखी एक डोक्यात आलं, जो करार सांगतात तोही याच नंतरच्या इतिहासातला आहे. म्हणजे दुरानमधे असं येतं की युद्धाच्या आधी सामान्य लोक घाबरले होते, तेव्हा सरदार म्हणाले, आम्ही हरलो तर आम्हाला तुमच्या ताब्यात देतो, फुटक्या घाणेरड्या भांड्यांत आमचं मांस खा. आणि लोक म्हणाले, तुम्ही जिंकलात तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तुमची सेवा करू, कर देऊ, घरं बांधू, ओझी वाहू. किती सोयीचा करार आहे! विजयानंतर सरदारांना जे हवं होतं तेच आधी लोकांच्या तोंडून वदवून घेतलंय.

---

हौशी वाचक

म्हणजे जमीन मिळाली ती कोणाला? सैनिकांना काही मिळालं का

---

निळी शाई

दुरानप्रमाणे अस्कापोत्सालकोच्या जमिनीतले दहा तुकडे एकट्या त्लाकाएलेलला, बाकी बड्या सरदारांना दोन-दोन, ज्या साध्या माणसांनी लढाईत जीव ओतला त्यांना एकेक, वस्त्यांना आपापल्या देवळांसाठी थोडी, आणि जे कचरले त्यांना काहीच नाही. पुढे हाच पायंडा पडला. त्याआधी जमीन वस्तीच्या मालकीची, कालपुल्ली म्हणायचे, आता सरदारांच्या स्वतःच्या जहागिऱ्या तयार झाल्या आणि त्यावर राबायला हरलेल्या गावांतली माणसं. सरदार आणि प्रजा यांतलं अंतर याच तेरा वर्षांत प्रचंड वाढलं. मी त्याला वाटून घेणारा म्हणाले ते राजाराजांमधे खरं आहे, खाली मात्र तसं वाटप झालं नाही.

---

मक्याचं कणीस

यात शोचिमिल्कोचं नाव यायला हवं. आजही रविवारी लोक तिथे रंगीत होड्यांतून फिरायला जातात, मीही जातो, आणि ज्या कालव्यांतून होडी जाते ते चिनाम्पांच्या मधले कालवे. चिनाम्पा म्हणजे तळ्यातला गाळ उपसून, काठ्या रोवून, वेली-काटक्यांचा थर देत देत केलेले लांबट वाफे, कडेने आवेहोते नावाची झाडं लावायची म्हणजे मुळं माती धरून ठेवतात. पाणी मुळाशी कायम, दर वेळी ताजा गाळ वर घालायचा, त्यामुळे वर्षात कितीतरी पिकं निघतात, मका, मिरची, टोमॅटो. (टोमॅटो हा शब्दच मूळ त्यांच्या नावात्ल भाषेतला 'तोमात्ल', तो पार आपल्या भाजीवाल्यापर्यंत आला.)

तर मुद्दा हा की तेनोच्तित्लानच्या आजूबाजूचं पाणी खारट, आणि दक्षिणेचं शोचिमिल्कोचं पाणी गोडं. बेटावरच्या वाढत्या शहराला जेवण हवं तर दक्षिणेची चिनाम्पा हातात हवी. अस्कापोत्सालको नंतर लगेच कोयोआकान, शोचिमिल्को, मिश्किक, कुइत्लावाक अशी एकामागून एक दक्षिणेची गावं घेतली. हरलेल्या शोचिमिल्कोकडून काय करून घेतलं तर सरोवरातून दक्षिणेकडे जाणारा दगड-मातीचा मोठा बांधरस्ता. आजचा त्लाल्पान रोड साधारण त्याच रेषेवर आहे आणि माझी मेट्रोची दोन नंबरची लाईन त्याच्या मधोमध धावते.

---

गडवाट

हे वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलतो. त्लाकाएलेल शूर होता यात वाद नाही पण पाणी, जेवण, रस्ता असा क्रमाने विचार करणं हे राजाचं डोकं. पाण्यावरूनच तर सुरुवात झाली होती ना? चापुल्तेपेकच्या झऱ्याचं पाणी बेटावर आणायला चिमालपोपोकाने तेपानेकांकडे लाकूड आणि दगड मागितले आणि ते भडकले, मांडलिकाने मालकाला हमाल केलं म्हणून. मग सत्ता हातात आल्यावर हा माणूस आधी पोटापाण्याचं बघतो.

आणि शेवटच्या वर्षांत कुआउनावाक, म्हणजे आजचं कुएर्नावाका, डोंगर उतरून पलीकडे. तिथे कापूस होतो, वरच्या थंड खोऱ्यात होत नाही. त्यांची चिलखतं कापसाचीच असायची, जाड रजईसारखी शिवलेली. म्हणजे तेही उगाच केलेलं नाही.

---

ओवी

माझा राग गेलेला नाही, पण एक सांगते. ऑक्सफर्डला जी मेंदोसा पोथी आहे, स्पॅनिश आल्यानंतर १५४० च्या सुमारास स्थानिक चित्रकारांनी केलेली, तिचं इत्झकोआत्लचं पान मी ऑनलाईन मोठं करून पुन्हा पाहिलं. डाव्या कडेने निळ्या चौकटींची रांग, एक चौकट म्हणजे एक वर्ष, मोजल्या, तेरा. मधे राजा चटईवर बसलेला, तोंडासमोर वळलेली छोटी रेघ, ती बोलण्याची खूण. डोक्यामागे त्याचं नाव, साप, आणि पाठीवर ऑब्सिडियनची टोकं काढलेली. समोर ढाल आणि बाण. बाकी पानभर एकच चित्र पुन्हा पुन्हा, कलंडलेलं छप्पर, धूर आणि ज्वाळा निघणारं देऊळ, शेजारी गावाचं नाव. प्रत्येक जिंकलेलं गाव म्हणजे एक जळणारं देऊळ. त्यात मुंगीचं चित्रही आहे, अस्कापोत्सालको.

ज्याने पोथ्या जाळल्या त्याची कारकीर्द आपण एका पोथीतूनच वाचतोय. त्या चित्रकाराचा हात किती सफाईदार आहे ते एकदा बघाच सगळ्यांनी, रेघ कुठे थरथरत नाही. असल्या किती रेघा गेल्या असतील.

---

हौशी वाचक

त्याच्यानंतर त्याचा मुलगा बसला का गादीवर? एवढं केल्यावर तोच बसला असणार.

---

निळी शाई

नाही! आणि हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. १४४० मधे तो गेल्यावर गादी पुतण्याकडे गेली, पहिला मोक्तेसुमा, जो युद्धात त्याच्या बाजूने लढला होता. इत्झकोआत्लला मुलगा होता, त्याचं नाव तेसोसोमोक (अस्कापोत्सालकोच्या म्हाताऱ्याचंच नाव, पण हा वेगळा), तो कधीच राजा झाला नाही. दुरान सांगतो की इत्झकोआत्लच्या काळातच चार बड्या पदांची माणसं ठरवून दिली होती आणि पुढचा राजा या चौघांतूनच निवडायचा अशी रीत घातली. म्हणजे बाप गेला की मुलगा बसणार हे आपोआप नाही, आधी तिथवर पोचावं लागायचं.

पण रक्त परत आलं. या तेसोसोमोकचं लग्न मोक्तेसुमाच्या मुलीशी झालं, तिचं नाव आतोतोस्त्ली, आणि त्यांचे तिन्ही मुलगे, आशायाकात्ल, तिसोक, आविसोत्ल, एकामागून एक त्लातोआनी झाले. भाजीवालीचे पणतू. आशायाकात्लचा मुलगा म्हणजे दुसरा मोक्तेसुमा. ८ नोव्हेंबर १५१९ ला कोर्तेस दक्षिणेकडून आला तो शोचिमिल्कोच्या लोकांकडून बांधून घेतलेल्या त्याच रस्त्यावरून, आणि मोक्तेसुमा त्याला भेटायला शहराच्या टोकाशी, तो रस्ता जिथे बेटाला लागतो तिथवर गेला. मक्याचं कणीस दादा, तुमच्या दोन नंबर लाईनवर पिनो सुआरेस स्टेशन लागतं ना, ती जागा त्याच्या अगदी जवळची.

---

मक्याचं कणीस

हो, लागतं. त्या स्टेशनात मेट्रो खोदताना १९६७ मधे वाऱ्याच्या देवाचं एक छोटं गोल देऊळ सापडलं, ते तसंच ठेवलंय, लाईन बदलताना लोक त्याच्या बाजूने जातात. उद्या सकाळी तिथेच उतरतो आणि चालत मंदिरापर्यंत जातो, आठ पुतळ्यांचे फोटो काढून इथे टाकतो.